डावी वाट

शिंपीणबाईंना कुणाचाही हेवा वाटत नसे. हे त्या स्वतःच सांगत, आणि इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्यानं काय ते ओळखावं. समोरच्या घराला नवे पडदे लागले की यांच्या पोटात दुखायला लागायचं. मग दिवसभर मशीन चालवता चालवता त्या पडद्यांची शिवण कशी गचाळ आहे हे त्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या. गिऱ्हाईक बिचारं बाहीचं माप द्यायला आलेलं असायचं. धाकट्या जावेनं केस आखूड कापून घेतले आणि ते तिला शोभले, तर यांनी तिच्याशी अबोला धरला. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

पण एक गोष्ट अशी होती की जिचा हेवा जगानं करावा आणि यांनी तो मजेत बघत बसावा. ते म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. लग्न ठरल्याबरोबर सुतारबुवांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, सगळ्यात आधी ते बांधायला घेतलं होतं. घरात तेव्हा धड पलंग नव्हता, खिडकीला काच नव्हती. पण नवी नवरी आत आली तेव्हा ओटा तयार होता, सुरी उभी करायला खाच होती, दारांची कपाटं होती आणि शेगडीशेजारी भिंतीत मिठाचा कोनाडा होता. माझ्यासाठी स्वतःच्या हातांनी बांधलंय, हे वाक्य शिंपीणबाईंनी घरी आलेल्या एकूण एक बाईला ऐकवलं. वीज तपासायला आलेल्या माणसालाही ऐकवलं.

आता खरं सांगायचं तर ते स्वयंपाकघर अडचणीचं होतं. कपाटाचं दार उघडलं की हाताला आडवं यायचं. चिरायची फळी नको त्या बाजूला. मिठाचा कोनाडा शेगडीच्या डावीकडे, म्हणजे उकळत्या भांड्यावरून हात आडवा नेऊन वाफ खायची. त्या कोनाड्याच्या खालच्या काठावर एक खळगाही होता, सुताराची पटाशी लाकूड तासताना निसटल्यासारखा. सुरुवातीला शिंपीणबाईंनी बोटं भाजून घेतली, बश्या फोडल्या, पण तक्रारीचं नाव नाही. नवऱ्यानं इतक्या हौसेनं केलेलं. दोष असलाच तर आपल्या हातांत असेल. हळूहळू हातांना वळण लागलं. धाकटी जाऊ मात्र मदतीला आली की हटकून कोपर आपटून घ्यायची आणि म्हणायची, की भाऊजींनी हे स्वयंपाकघर बांधलंय का कोडं घातलंय? ज्यांना कोपर सांभाळता येत नाही त्यांनी बाहेर बसावं, असं उत्तर तिला मिळायचं.

सुतारबुवा तसे घुमे. लढाईच्या काळात परकी फौज मुलखात ठाण मांडून बसली होती, तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयात ते घरातून पळून रानात गेले होते. तिथं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक जमिनीखाली खोदलेल्या जागेत लपून राहायचे आणि अंधार पडला की बाहेर निघून फौजेच्या तारा कापायचे, पूल खिळखिळे करायचे. त्या जागेला ते बीळ म्हणत. लढाई संपली, बीळ बुजलं, वर झाडं माजली आणि नेमकी जागा पुढे कुणालाच सापडेना. पण वर्षातून एकदा बिळातली मंडळी सुतारबुवांच्या घरी जेवायला जमायची, आणि त्या दिवशी शिंपीणबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

कारण एरवी हूं की चूं न करणारा नवरा त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईतो हसायचा. एकानं अर्धं वाक्य टाकावं, दुसऱ्यानं ते न बोलताच पुरं करावं, आणि सगळ्यांनी टेबलावर थापा मारायच्या. शिंपीणबाई वाढता वाढता ऐकायच्या आणि त्यांना त्यातलं काहीएक कळायचं नाही. जन्म यांच्याबरोबर काढायचा आपण, आणि हे हसणार त्यांच्याबरोबर. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. बिळाचं काय उपटणार?

जेवणं उरकली की सगळे उठून उभे राहायचे, पेले उचलायचे आणि एकच शब्द म्हणायचे. "डावी." डावी नसती तर आपण आज नसतो, असं कधी कुणी पुटपुटे. डावी गेली आणि सगळं संपलं, असंही एकदा कानावर आलं होतं. शिंपीणबाईंनी मनाशी अर्थ लावून टाकला. बिळातून बाहेर पडायला दोन वाटा असणार, एक उजवी नि एक डावी. डावी वाट होती म्हणून हे वाचले, आणि पुढे ती ढासळली. त्यांनी विचारलं मात्र कुणालाच नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायचं, आणि ते त्यांच्या रक्तात नव्हतं.

मंडळीत एक न्हावी होता. तो हात पुसत पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा, आत बघत राहायचा आणि डोळे टिपायचा. "कांदा झोंबला वाटतं," शिंपीणबाई म्हणायच्या. "हो वहिनी, कांदाच," न्हावी म्हणायचा. या माणसाला कांद्याचा फार त्रास आहे, असं त्या जावेला सांगत.

एकेक करून मंडळी गेली. न्हावीही गेला. सुतारबुवा तेवढे उरले, आणि त्यांचे गुडघे जुन्या बिजागऱ्यांसारखे कुरकुरायला लागले. अशात एका वादळात रानातलं एक थोरलं झाड मुळासकट आडवं झालं आणि त्याच्या मुळांखाली भोक दिसलं. आत तुळया होत्या. जुन्या वास्तूंच्या खात्यातून एक बाई आल्या. विजारीत, पायांत चिखलाचे बूट, आणि हसणं असं की कुणालाही आपली वाटावी. आत काय कुठं होतं हे सांगायला आता तुम्हीच आहात, असं त्यांनी सुतारबुवांना सांगितलं आणि जीपमध्ये बसवायला त्यांचा दंड धरला. शिंपीणबाईंनी तो दंड पाहिला. लगेच मशीनवर फडकं टाकलं आणि मीही येते म्हणाल्या. बिळानं आजवर नवरा पळवला तो पळवला, आता त्याच्या जोडीला हसरी बाई नको.

रानात गेल्यावर तोवर कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट लक्षात आली. भोकात शिडी लावलेली होती आणि सुतारबुवांच्या गुडघ्यांना शिडी जमण्यासारखी नव्हती. त्यांनी एक पाय टाकून पाहिला आणि मुकाट्यानं मागे घेतला. खात्याच्या बाई म्हणाल्या, की मी उतरते, तुम्ही वरून सांगा. तेव्हा शिंपीणबाईंनी पदर खोचला. इतकी वर्षं ज्या जागेवर त्या जळत होत्या ती पायांखाली उघडी पडली होती, आणि दुसरीच बाई तिथं आधी जाणार होती. ते होणं नव्हतं.

सुतारबुवा घडीच्या खुर्चीवर भोकाच्या काठाशी बसले. खाली पोचल्यावर शिंपीणबाईंना ओल्या मातीचा नि कुजक्या लाकडाचा वास आला. डोक्यावर टोपी, टोपीला दिवा. मान वळेल तिकडे उजेड. एका अंगाला माती, दुसऱ्या अंगाला खडक. खात्याच्या बाई फोटो काढत पुढे गेल्या.

"सरळ जा," वरून आवाज आला. "वाकून. तुळई डोक्याला लागेल."

"लागली," शिंपीणबाई म्हणाल्या.

मग हाताला बाकं लागतील म्हणाले. बाकांचा भुगा झाला होता. पुढे चुलीची जागा लागेल म्हणाले. लागली. काळे पडलेले दगड, त्यांच्याशेजारी फळी बसवायला खडकात पाडलेली भोकं. शिंपीणबाई तिथं उभ्या राहिल्या आणि त्यांना उगाचच बरं वाटलं. जागा परकी वाटेना. त्यांनी आधाराला म्हणून हात वर केला. डोळे खाली दगडांवर होते, दिवाही खालीच होता. डावा हात आपला आपण कानाच्या उंचीला गेला आणि खडकातल्या एका कोनाड्यात शिरला. अंगठा कोनाड्याच्या काठावरच्या खळग्यात टेकला. बरोबर टेकला.

त्यांनी दिवा वर केला. काठावर अंगठ्याएवढा खळगा होता. पटाशी निसटलेली नव्हती. पटाशीनं मुद्दाम, गोल, गुळगुळीत करून घेतला होता. घरचा खळगाही असाच होता, आणि उजवा अंगठा त्यात कधी बसायचा नाही.

शिंपीणबाईंचा जन्म कात्रीत गेला होता. कात्रीलाही अंगठ्याचं भोक वेगळं असतं, नि डावऱ्याच्या हाती उजवी कात्री दिली की कापड कापलं न जाता चघळलं जातं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी चुलीकडे पाहिलं, फळीच्या भोकांकडे पाहिलं. तिथंही सुरीची खाच डावीकडे. सगळंच डावीकडे. त्या आपल्याच स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

"बाई," त्यांनी हाक मारली, "बाहेर पडायची डावी वाट कुठंय हो?"

खात्याच्या बाई मागे वळल्या. "डावी? वाट एकच आहे, आपण आलो ती. बाकी सगळी माती नि खडक."

शिंपीणबाईंनी वर तोंड केलं. भोकात आभाळाचा तुकडा होता आणि त्यात नवऱ्याचं डोकं. "अहो, डावी कुठंय?"

ते डोकं जरा मागे सरलं. मग म्हणाले, "तिथं नाही ती."

अंगठा अजून खळग्यात होता. शिंपीणबाईंनी तो काढून घेतला, चटका बसल्यासारखा. "अहो," त्या म्हणाल्या, "डावी कोण?"

"वर ये," सुतारबुवा म्हणाले. "पाय जपून टाक."

परतताना जीपमध्ये खात्याच्या बाईच तेवढ्या बोलत होत्या. घरी आल्यावर शिंपीणबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती. सुतारबुवा दारातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. इतकं सलग बोलताना बायकोनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ती रानाच्या कडेच्या पाणचक्कीवरची पोरगी. बिळातल्यांसाठी रांधायची, बाहेरून पीठमीठ आणायची, निरोप पोचवायची. बिळात कुणी कुणाला खरं नाव सांगायचं नाही असा दंडक होता, म्हणजे पकडलं गेल्यावर मार बसला तरी तोंडून नाव निघू नये. तिला सगळे डावी म्हणत. तिला उजव्या हातानं काही येत नसे. म्हणून सुतारबुवांनी, तेव्हा त्यांना नुसता रंधा धरता येत होता, चूल, फळी, कोनाडा सगळं तिच्या डाव्या हाताला येईल असं बसवून दिलं. आयुष्यात केलेलं पहिलं सुतारकाम ते. एके दिवशी ती पिठाला गेली आणि परतली नाही. फौजेच्या लोकांनी तिला धरल्याचं नंतर कळलं. तिचं पुढे काय झालं ते कळलं नाही, पण एवढं कळलं, की बिळाकडे कुणी आलं नाही. म्हणजे तिनं तोंड उघडलं नाही.

शिंपीणबाई ऐकत होत्या आणि त्यांचा जीव आतल्या आत करपत होता. जिवंत सवतीला काही ना काही खोड काढता येते. ही तर घोरणार नाही, म्हातारी होणार नाही, मीठ जास्त टाकणार नाही. वर जीव देऊन मोकळी. हिच्यापुढे कुठली बाई उजवी ठरणार?

"तुमचा जीव होता तिच्यावर?"

"होता."

"आणि तिचा?"

सुतारबुवांनी गुडघा चोळला. "विचारायचं राहिलं."

मग शिंपीणबाईंनी ओट्यावर हात आपटला आणि विचारलं ते खरं विचारायचं होतं. "मग हे कुणाचं? माझं का तिचं?"

बांधताना मला काही कळलं नव्हतं, असं ते म्हणाले. स्वयंपाकघर म्हणून एकच बांधलं होतं आजवर. हात आपले तसेच चालले. पहिल्या वर्षी न्हावी जेवायला आला, दाराशी उभा राहिला आणि रडायला लागला, तेव्हा कुठं ध्यानात आलं. शिंपीणबाईंना कांदा आठवला. म्हणजे अख्ख्या बिळाला ठाऊक. वर्षानुवर्षं ते लोक येत होते, जेवत होते, आणि तिच्या ओट्यावर ही दुसरीच बाई राबताना बघत होते.

"ध्यानात आलं, मग मोडलं का नाही?"

"कसं मोडणार?" सुतारबुवा म्हणाले. "तू इतकी मिरवत होतीस."

शिंपीणबाईंनी सुरी खाचेतून उपसली, परत ठेवली, आणि म्हणाल्या, "मोडा."

सुतारबुवांनी हत्यारं काढली. धाकटी जाऊ धावत आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, की अगोबाई, इतकं छान होतं की. आयुष्यभर तिथं कोपर आपटून घेणारी ही बाई. शिंपीणबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती आल्या पावली परतली. फळ्या उतरल्या, कपाटं सुटली, कोनाडा विटांनी बुजवून वर गिलावा झाला. कोनाडा बुजताना शिंपीणबाई समोर उभ्या राहिल्या. पूर्ण बुजल्याची खात्री करून घेतली.

नवं बांधायच्या आधी सुतारबुवांनी त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. "सरळ उभी राहा," ते म्हणाले. "हात सैल सोड."

हे वाक्य शिंपीणबाईंनी सगळ्या गावाला म्हटलं होतं. त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं. स्वतःचे कपडे त्या अंदाजानं बेतायच्या. त्या उभ्या राहिल्या. सुतारबुवांनी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली, मग खांद्यापासून बोटांपर्यंत, मग वाकून कमरेपर्यंत, गुडघे कुरकुरत होते तरी. शिंपीणबाईंना एकाएकी लाज वाटली आणि ती वाटल्याचा रागही आला.

"आता डोळे मिट," ते म्हणाले. "समोर भांडं आहे असं समज. मीठ टाक."

शिंपीणबाईंनी डोळे मिटले. डावा हात वर गेला.

डोळे उघडले तेव्हा तो तसाच वर होता, कानाच्या उंचीला, अंगठा बाहेर काढलेला. दोघांनीही पाहिला. डावीनं शिंपीणबाईंना शिकवलं नव्हतं, यांनी शिकायचं म्हटलं नव्हतं, आणि तरी तो हात तिचाच झाला होता. सुतारबुवा बराच वेळ टेप गुंडाळत राहिले.

"डावीकडेच ठेवू?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे," शिंपीणबाई म्हणाल्या.

नवं स्वयंपाकघर देखणं झालं. दारं बाजूला उघडतात, फळी हाताला येते, मीठ उजवीकडे. जावेचं कोपर आता कुठंही आपटत नाही, आणि म्हणून ती जरा जास्तच येते. हे मात्र माझं हं, असं शिंपीणबाई तिला सांगतात. फक्त एकट्या असल्या की त्यांची तारांबळ उडते. भांडं उकळायला लागलं की डावा हात उठतो आणि गिलाव्याच्या भिंतीवर जाऊन आदळतो. बोटांची सालटं गेली. आधी त्या हाताला शिव्या देत. मग भिंतीला देऊ लागल्या. मग त्या भिंतीपलीकडच्या तिला देऊ लागल्या, मोजून मापून, एकही टाका न सोडता. माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, माझ्याच हातात येऊन बसलीस, मेल्ये, असं.

परवा सकाळी भाजी उतू चालली होती. घाईघाईनं हात गेला, आदळला, पुन्हा गेला, पुन्हा आदळला. आणि अरुंद स्वयंपाकघरात दोघी राबत असल्या की एक दुसरीला म्हणते तशा सवयीच्या आवाजात शिंपीणबाई बोलून गेल्या, "सरक गं जरा."

बोलल्यावर त्यांना ऐकू आलं. त्या वळल्या. सुतारबुवा चहाचा कप घेऊन दाराशी उभे होते, न्हावी उभा राहायचा तिथंच. त्यांनी कप खाली ठेवला आणि बाहीनं डोळे टिपले.

"कांदा झोंबला वाटतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

"हो," सुतारबुवा म्हणाले. त्या दिवशी घरात कांदा नव्हता.